शंभर फुटी रस्त्यालगतचा दोन बीएचके, सांगली: इसारापासून ताब्यापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

इमारत पार्किंग अधिक पाच मजले, २० फ्लॅट, प्लॉट १,०४० चौ.मी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खरेदी थेट बिल्डरकडून, काम पायाच्या टप्प्यावर असताना. खरेदीदार पती-पत्नी. नोंदी दोन हातांच्या आहेत, एक कागद पाहणारा आणि एक साइट पाहणारा. आकडे या फाइलपुरते.

१० जून २०२४: पाण्याची पातळी

सांगलीत ब्रोशरच्या आधी पाणी बघायचे. आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. प्लॉट शंभर फुटी रस्त्यावरून शामरावनगरच्या बाजूला उतरत जाणाऱ्या गल्लीत आहे. शेजारच्या तीन जुन्या कंपाउंड भिंतींवर २०१९ च्या खुणा शोधल्या आणि त्या प्लॉटच्या रस्ता पातळीशी लेव्हल ट्यूबने जुळवल्या. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा नगररचना विभागाच्या नकाशावर पाहिल्या. निळ्या (नदीला जवळच्या) रेषेच्या आत नवे बांधकाम बसत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी लागतात, त्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर असावे लागते. हा प्लॉट लाल रेषेच्या बाहेर आहे.

म्हणून पाणी येणारच नाही असे नाही. या भागाचा खरा त्रास नदीपेक्षा पावसाचा. काळी माती, सखल जागा, निचऱ्याला उतार नाही. दोन तास जोराचा पाऊस झाला की गल्लीत पाणी उभे राहते आणि ते पूररेषेच्या नकाशावर दिसत नाही. मंजूर नकाशात पार्किंगची फरशी रस्त्याच्या मध्यापासून ३० सें.मी. वर दाखवली आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, त्यामुळे ही उंची टिकत नाही. ६० सें.मी. मागितली. मीटर पॅनेल जिन्याखाली जमिनीलगत होते, त्याची खालची कड १.५ मीटरवर घ्यायला सांगितली. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण फरशीपासून निदान ३० सें.मी. उंच कठड्यावर हवे, नाहीतर पहिल्याच तुंबलेल्या पावसात गटाराचे पाणी पिण्याच्या टाकीत उतरते. लिफ्टच्या खड्ड्याला आतून वॉटरप्रूफिंग आणि उपसा करायला सम्प, म्हणजे पाणी गोळा होणारा छोटा खड्डा.

बिल्डरने सगळ्याला तोंडी हो म्हटले. करारात येईपर्यंत हे मुद्दे उघडे.

१४ जून २०२४: महारेरा

जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडले. प्लॉट ५०० चौ.मी.पेक्षा मोठा किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त असले की नोंदणी सक्तीची, इथे दोन्ही लागू. पानावर चार गोष्टी नीट वाचल्या: पूर्णत्वाची तारीख आणि ती आधी बदलली आहे का, किती फ्लॅट विकले दाखवले आहेत, जमिनीवर बोजा, दावे. शिवाय आर्किटेक्टचा नमुना १, इंजिनिअरचा नमुना २ आणि सीएचा नमुना ३ उतरवून घेतले. पुढे हप्ते मागितले जातील तेव्हा हेच कागद साइटशेजारी धरायचे आहेत.

ब्रोशरवर १,०५० चौ.फूट. रेरावर कार्पेट ६१.८० चौ.मी., म्हणजे ६६५ चौ.फूट, आणि बाल्कनी ४.६५ चौ.मी. वेगळी. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. ‘सेलेबल’ हा आकडा कायद्यात कुठेच नाही, त्यामुळे त्यावर काढलेला दर कितीही गोड वाटला तरी दोन प्रकल्पांची तुलना त्याने होत नाही. तुलना कार्पेटवर, बाल्कनीचे आकारमान शेजारी लिहून.

२१ जून २०२४: जमिनीचे कागद

सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, बिनशेती आदेश, तीस वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध). भोगवटादार वर्ग १ आहे, म्हणजे जमीन विकायला सरकारी परवानगी लागत नाही. वर्ग २ असता तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद मिळेपर्यंत फाइल तिथेच थांबली असती. या परिसरात गुंठेवारीचे प्लॉट भरपूर, म्हणून मूळ रेखांकन मंजूर होते की २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित केले, हेही तपासले. इथे रेखांकन मंजूर आहे.

खरी गोम विकसन करारात. जमीन बिल्डरची नाही. मालकाच्या तीन वारसांनी विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र दिले आहे, बदल्यात सहा फ्लॅट त्यांचे. कोणते सहा ते मूळ करारात नाही, ‘परस्पर संमतीने’ एवढेच आहे. अशा वेळी बिल्डरने विकलेला फ्लॅट उद्या मालकाच्या वाट्याचा निघू शकतो. पुरवणी करार मागितला. तो निघाला, नोंदणीकृत आहे, त्यात वाट्याचे फ्लॅट क्रमांकासह लिहिले आहेत आणि आपला फ्लॅट बिल्डरच्या वाट्यात आहे. तरीही साठेखतावर (विक्रीच्या नोंदणीकृत करारावर) तिन्ही वारस मान्यता देणारे म्हणून हवेत, मुखत्यारामार्फत चालेल. मुखत्यारपत्र देणारे तिघे हयात असल्याची खात्री केली. देणारा वारला की साधे मुखत्यारपत्र संपते.

बँकेच्या यादीत प्रकल्प आहे, हे बिल्डरने दोनदा सांगितले. बँक तिच्या कर्जापुरते बघते. तेवढ्यावर सर्च सोडू नये.

१ जुलै २०२४: किंमत आणि जीएसटी

बिल्डरचे पत्रक: फ्लॅट ४३,२०,०००, झाकलेले पार्किंग १,५०,०००, लाइट मीटर व ट्रान्सफॉर्मर १,२०,०००. एकूण ४५,९०,०००.

सांगलीसारख्या महानगर नसलेल्या शहरात कार्पेट ९० चौ.मी.पर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५ टक्के. क्षेत्रफळ आरामात बसते. किंमत मात्र ९० हजारांनी बाहेर जाते, कारण पार्किंग, जागेच्या पसंतीचे पैसे, विकास शुल्क असे बिल्डर जे जे घेतो ते सगळे या ४५ लाखांत मोजले जाते. त्या ९० हजारांपोटी कर २,२९,५०० बसतो.

बिल्डरने सुचवलेली वाट अशी: मीटरचे पैसे रोखीत, वेगळ्या पावतीवर. नाकारली. वेगळी पावती केली तरी रक्कम त्याच व्यवहाराची राहते, आणि रोखीत दिलेले पैसे पुढे परताव्याच्या वेळी अस्तित्वात नसतात. त्याऐवजी किंमतच खरोखर कमी करायला लावली. फ्लॅट ४३,४०,००० सर्व सुविधा व मीटरसह, पार्किंग १,५०,०००, एकूण ४४,९०,०००. जीएसटी ४४,९००. आधीच्या मागणीत करासह ४८,१९,५०० होत होते, आता ४५,३४,९००. बिल्डरचे एक लाख गेले आणि खरेदीदाराचे २,८४,६०० वाचले. घासाघीस करायची तर इथे, मॉड्युलर किचनच्या ट्रॉलीवर नव्हे.

५० लाखांच्या खाली असल्याने १ टक्का टीडीएस कापण्याचा प्रश्न नाही. उघड्या जागेतील पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, ते सामाईक. हे स्टिल्टमधले (इमारतीखालच्या खांबांमधले) झाकलेले आहे, म्हणून किंमत मान्य.

मुद्रांक: महापालिका हद्दीत एकूण ६ टक्के. सगळे खरेदीदार महिला असल्या तर १ टक्का सवलत, पती-पत्नी दोघांचे नाव लागले की ती जाते. फक्त पत्नीच्या नावे ५ टक्क्यांनी २,२४,५००, म्हणजे ४४,९०० कमी. पण पती मालक नसेल तर व्याजाची आयकर वजावट त्याला मिळत नाही, तो कर्जात सहअर्जदार असला तरी. इथे पत्नीचे स्वतःचे उत्पन्न आहे, म्हणून एकटीचे नाव. नोंदणी फी कमाल ३०,०००.

कर्ज ३० ते ७५ लाखांच्या गटात, म्हणजे किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत: ३५,९२,०००. मुद्रांक आणि नोंदणी त्या ८० टक्क्यांच्या हिशेबात धरत नाहीत. पदरचे ८,९८,००० अधिक मुद्रांक, नोंदणी, जीएसटी मिळून ११,९७,४००. वकील आणि बँकेची प्रक्रिया फी यावर.

८ जुलै २०२४: इसार

मागणी सात लाखांची होती, ‘बाकीच्यांनी दिलेत’ म्हणून. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, रेरा कलम १३. दिले २,००,०००, धनादेशाने, रेरा पानावर नोंदलेल्या खात्यावर. वाटपपत्र महारेराच्या नमुन्यात घेतले: १५ दिवसांत रद्द केल्यास कपात नाही, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड, पुढे २ टक्के. बिल्डरच्या छापील फॉर्मवर ‘इसार परत मिळणार नाही’ असा शिक्का होता, तो फॉर्म परत केला.

१२ ते २४ जुलै २०२४: साठेखताचा मसुदा

मसुदा इंग्रजीत ४६ पानी. महारेराच्या आदर्श करारनाम्याशी ओळ-ओळ ताडला. दैवी आपत्ती, दोष दायित्व (ताब्यानंतर दोष दुरुस्तीची जबाबदारी), कार्पेट क्षेत्र, अभिहस्तांतरण (मालकी नावावर करणे) या कलमांना हात लावता येत नाही, तरी बदल सापडलेच.

ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती आणि पुढे ‘वाळू, सिमेंट, मजूर यांच्या टंचाईने मुदत वाढेल’. टंचाई ही दैवी आपत्ती नव्हे. वाक्य काढले. उशिराचे व्याज मसुद्यात फक्त खरेदीदाराने भरायचे होते. दोन्ही बाजूंना एकच दर केला, स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (कर्जाचा आधार दर) अधिक २ टक्के.

‘वाढीव एफएसआय व टीडीआर (प्लॉटवर मिळणारे जादा बांधकामाचे हक्क) वापरून वर आणखी मजले बांधण्यास खरेदीदाराची संमती’ हे कलम २९ व्या पानावर, देखभाल खर्चाच्या परिच्छेदात दडलेले. काढले. अशी संमती एकदा सहीने दिली की पुढे सहावा मजला उभा राहताना बोलायला जागा उरत नाही.

परिशिष्टातील सामानाच्या यादीत प्रत्येक ओळीला ‘किंवा तत्सम’. फरशी, नळ, वायर, दरवाजे, खिडक्या यांना आकार, जाडी आणि दर्जा लिहिले: फरशी ८०० बाय ८०० मि.मी. व्हिट्रिफाइड, वायर दिव्यांना १.५, प्लगला २.५, एसी-गिझरला ४ चौ.मि.मी., खिडक्या तीन ट्रॅकच्या. कंपनी बदलायचीच झाली तर लेखी मान्यतेने. पार्किंगचे परिशिष्ट जोडले: क्रमांक, लांबी, रुंदी, बीमखालची उंची. पार्किंगची ६० सें.मी. उंची, मीटरची १.५ मीटर, टाकीचा कठडा, लिफ्टचा सम्प हे चारही मुद्दे ‘तांत्रिक परिशिष्ट’ म्हणून सहीसह आत आले. १० जूनचे मुद्दे बंद.

एक मुद्दा हट्टाने घातला: कार्पेट कोणत्या पृष्ठापासून मोजायचे. गिलाव्याची जाडी धरली की नाही यावर शेवटी भांडण होते. ‘गिलावा झालेल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत’ असे लिहिले.

हप्ते: करारापर्यंत १०, करारानंतर ३०, जोते ४५, सर्व स्लॅब ७०, भिंती-गिलावा-फरशी-दारे ७५, सॅनिटरी व जिने ८०, बाहेरचा गिलावा व गच्ची ८५, लिफ्ट-पंप-वीज ९५, भोगवट्यावर (महापालिकेचे वापराचे प्रमाणपत्र मिळाल्यावर) १००. हे एकूण आकडे. सहा स्लॅबना ४, ४, ४, ४, ४, ५ टक्के.

२ ऑगस्ट २०२४: दस्त

ग्रास (सरकारच्या ऑनलाइन भरणा) चलनाने मुद्रांक, दस्त नोंदला. कार्यालयातील नोंद तपासणीच्या पानावर सर्व्हे क्रमांक, मजला, क्षेत्र, नावाचे स्पेलिंग सहीपूर्वीच बघावे. सूची दोनमध्ये (नोंदलेल्या दस्ताच्या सारांशात) चूक राहिली तर चूक-दुरुस्ती पत्र आणि पुन्हा सगळ्यांचे अंगठे. इथे क्षेत्राच्या रकान्यात बाल्कनी कार्पेटमध्ये मिसळली होती, जागेवरच सुधारून घेतली.

१९ ऑगस्ट ते ५ ऑक्टोबर २०२४: पाया आणि जोते

पावसाळ्यात काळ्या मातीतले खोदकाम. खड्ड्यांत पाणी साचले, उपसले, आणि तळ चिखल झाला. पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकण्याआधी तो मऊ थर खरवडून कडक मुरूम लागेपर्यंत काढावा लागतो. तीन फुटिंगना (कॉलमखालच्या पायांना) तसे न करता पीसीसीची तयारी झाली होती, आरसीसी कन्सल्टंटला फोटो पाठवून थांबवले. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. फुटिंग तिच्यावर बसले तर भिंतींना तिरक्या भेगा जातात आणि त्या रंगाने झाकत नाहीत.

दुसरी नेहमीची चलाखी भरावात. खोदलेली काळी माती बाहेर टाकायचे भाडे वाचवायला तीच जोत्यात भरतात आणि वर वीतभर मुरूम पसरतात. दोन ठिकाणी पहारेने खणून पाहिले, एका बाजूला काळीच निघाली. काढून मुरूम १५ ते २० सें.मी.च्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबून भरून घेतला.

या मधल्या काळात ४५ टक्क्यांचे मागणीपत्र आले होते. बँकेला लेखी कळवले की जोते पूर्ण नाही. ५ ऑक्टोबरला झाले, त्यानंतर हप्ता.

११ जानेवारी २०२५: चौथा स्लॅब

हा आपल्या फ्लॅटचे छत. तिसरा आपली जमीन, तो डिसेंबरात झाला, तेव्हा बाथरूमचे संक (स्लॅबचे खाली घेतलेले भाग) नकाशाप्रमाणे आहेत एवढे बघितले.

स्लॅब १२५ मि.मी., काँक्रीटचा दर्जा एम२५. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर धरणारे ठोकळे) स्लॅबला २० मि.मी. सिमेंटचे. काही ठिकाणी फरशीचे तुकडे आणि खडी सरकवली होती, बदलली. वरच्या सळया खुर्च्यांवर (सळईच्या आधारांवर) होत्या, पण वायरिंगचे पाइप टाकणारे त्यावरून चालून गेले आणि बीमजवळच्या सळया दबल्या. नेमक्या तिथेच वरची सळई वर असावी लागते. ओतण्याआधी पुन्हा उचलून बांधल्या. पाइपांचे जुडगे एका जागी तीनापेक्षा जास्त नको, तिथे काँक्रीटला जागा उरत नाही.

काँक्रीट सुमारे ६५ घनमीटर. आयएस ४५६ (काँक्रीटचे भारतीय मानक) प्रमाणे ५१ च्या वर चार अधिक दर ५० ला एक, म्हणजे पाच नमुने, प्रत्येकी तीन क्यूब (चाचणीचे ठोकळे). ठेकेदाराने सहा क्यूब भरले होते. बाकीचे भरून घेतले. दुपारी काँक्रीट घट्ट वाटले म्हणून पाण्याचा पाइप मिक्सरमध्ये गेला, तो काढायला लावला. पाणी वाढवले की पसरायला सोपे आणि ताकदीला वाईट. प्लास्टिसायझर वापरावा.

पाणी मारणे: वाफे करून पाणी उभे. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेले), म्हणजे किमान दहा दिवस. संक्रांतीला मजूर गावी जातात आणि वाफे कोरडे पडतात, म्हणून वॉचमनला त्या तीन दिवसांचे वेगळे पैसे बिल्डरकडून ठरवून घेतले. खालचे टेकू साध्या सिमेंटला ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, बीमला ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पीपीसीला त्याहून जास्त.

८ फेब्रुवारी २०२५

क्यूबचा २८ दिवसांचा अहवाल आला. पाचही नमुने एम२५ ला उतरले. ७ दिवसांच्या आकड्यावर कुणी हप्ता मागितला तर थांबावे.

६ मे २०२५: भिंती

सिपोरेक्स ब्लॉक (हलके सच्छिद्र काँक्रीटचे). भिंत बीमपर्यंत एका दमात चढवायची नसते. वरची फट आठवडाभर मोकळी ठेवून मग भरायची, नाहीतर भिंत बसते आणि बीमखाली आडवी भेग पडते. ब्लॉक आणि कॉलमच्या सांध्यावर चिकन मेश दोन्ही बाजूंना १५ सें.मी. इथे कॉलमपाशी होती, बीमखाली नव्हती. वायरिंगच्या खाचा छिन्नीने फोडलेल्या दिसल्या, पुढच्या खोल्यांत कटरने. मे महिन्याच्या उन्हात गिलावा दुपारी केला की पाणी मारेपर्यंत उडतो. पश्चिमेच्या भिंती सकाळी घ्यायला सांगितल्या.

२३ जून २०२५: पाणी धरून चाचणी

दोन्ही बाथरूमचे संक आणि बाल्कनी: आउटलेट बोळ्याने बंद, ५ सें.मी. पाणी, ४८ तास. फरशी बसवण्याआधी. नंतर गळती सापडली तर फोडाफोडीशिवाय इलाज नाही. मागच्या बाथरूमच्या खाली दुसऱ्या दिवशी ओल. कारण: ट्रॅपचा पाइप स्लॅबमधून जातो तिथला सांधा साध्या मसाल्याने भरलेला. फोडून ग्राउटने भरला, कोटिंग भिंतीवर ३० सें.मी. चढवले, पुन्हा ४८ तास, कोरडे. गच्चीला ब्रिकबॅट कोबा (वीट-तुकड्यांचा वॉटरप्रूफ थर) झाल्यावर ७२ तास धरले, ठीक.

त्याच आठवड्यात गल्लीत पाणी तुंबले. पार्किंग कोरडे. लिफ्टच्या खड्ड्यात बोटभर पाणी, सांध्यातून. बिल्डरकडे लेखी.

२ ऑक्टोबर २०२५: दसरा

बिल्डरचा आग्रह: मुहूर्तावर पूजा करा, किल्ली घ्या, फर्निचर सुरू करा, भोगवटा महिन्यात येईल. पूजा केली, किल्ली घेतली नाही, कशावरही सही नाही. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेतला की घरपट्टी आणि पाण्याच्या जोडणीला अडचण येते आणि शेवटच्या ५ टक्क्यांचा दाब निघून जातो.

१४ नोव्हेंबर २०२५: भोगवटा मिळाल्यावर तपासणी

लेझरने मोजले: ६१.१५ चौ.मी. करारापेक्षा ०.६५ कमी, १.०५ टक्के. तीन टक्क्यांच्या मर्यादेत आहे म्हणून पैसे मिळत नाहीत, असे सांगितले जाते. मर्यादेतली घटही किमतीत वळती व्हावी लागते, ४५ दिवसांत व्याजासह परत. फ्लॅटचा दर चौ.मी.ला ७०,२२६, म्हणजे ४५,६४७. शेवटच्या ५ टक्क्यांच्या २,२४,५०० मधून वजा करून १,७८,८५३ देय, असे पत्र दोन्ही सह्यांनी.

फरशी नाण्याने वाजवून पाहिली. हॉलमध्ये चार, बेडरूममध्ये सात पोकळ, बदलणार. खिडकीच्या ग्रॅनाइट पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार आहे, पण खालून पाणी तुटायची खाच नाही. पश्चिमेच्या दोन खिडक्यांना ती मारून घ्यायची. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) चाचणी बटणाने पडतो. स्वयंपाकघरातील एका सॉकेटला अर्थिंग नव्हते, जोडले. मीटर पॅनेल १.५२ मीटरवर. पार्किंग रस्त्यापासून ५८ सें.मी., चालेल.

२९ नोव्हेंबर २०२५: ताबा

पोकळ फरश्या बदलल्या, खाचा मारल्या. लिफ्टच्या खड्ड्याचा सांधा इंजेक्शन ग्राउटने भरला. उरलेली रक्कम दिली, ताबापत्र घेतले. त्यात ‘कोणतीही तक्रार नाही’ हे वाक्य होते, खोडून ‘सोबतच्या यादीस अधीन’ लिहिले.

उघडे मुद्दे: घरपट्टीला नाव, महावितरणच्या मीटरचे नाव, मंजूर नकाशांचा व आरसीसी ड्रॉइंगचा संच. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली जाणार आहे, त्यामुळे घोषणापत्र नोंदले गेले की जमिनीतील अविभक्त हिश्शाचा आकडा साठेखताशी ताडायचा आणि मग डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त. वारसांच्या सह्या त्यावरही लागतील. दोष दायित्व ताब्यापासून पाच वर्षे, तक्रार लेखी दिल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती. पुढची तपासणी जून २०२६ मध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर: पश्चिमेची भिंत आतून, मागच्या बाथरूमचे खालचे छत, लिफ्टचा खड्डा.